माहुलीच्या संगमावरील राजसमाध्या : पार्श्वभूमी

येसूबाईंची समाधी कुठे आहे, असं विचारत संगम माहुलीला येणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण आल्यावर लोक गोंधळतात. नदीकाठी आणि पात्रात काळ्या दगडाचे चौथरे दिसतात, काहींवर शिवलिंग असतं, काहींच्या नुसत्या कडा वाळूतून वर आलेल्या असतात, आणि बहुतेकांवर नावगाव काहीच कोरलेलं नसतं. कोणता चौथरा कोणाचा, हे जागेवर उभं राहून कळत नाही. त्यासाठी सातारच्या गादीचा इतिहास, त्यातही १७४९ सालचा डिसेंबर महिना, नीट समजून घ्यावा लागतो.

जागेची ओळख थोडक्यात. साताऱ्याच्या पूर्वेला पाचेक किलोमीटरवर वेण्णा कृष्णेला मिळते. अलीकडच्या तीरावर संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे या क्षेत्र माहुलीचे. दोन्ही काठांवरची देवळं आणि घाट मुख्यतः अठराव्या शतकातले. त्यांतलं सर्वांत देखणं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंत प्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलं. साताऱ्यात राजधानी वसली, जवळ नद्यांचा संगम होता, संगमावर शंकराची स्थानं होती, त्यामुळे राजघराण्यातल्या माणसांचे अंत्यविधी इथे होणं ओघानंच आलं. दहन झालेल्या जागी किंवा तिच्या आसपास चौथरा बांधायचा, वर लिंग किंवा पादुका ठेवायच्या, ऐपत आणि इच्छा असेल तर छत्री उभारायची, अशी ही रीत. इथल्या बऱ्याच समाध्या साध्या चौथऱ्यांच्याच आहेत. दगडावर नाव नसल्यामुळे ओळख टिकली ती पूजेअर्चेच्या परंपरेतून आणि दप्तरांतल्या कागदांतून. पूजा खंडली, कागद विखुरले, की ओळखही पुसट होत गेली.

थोरल्या शाहू महाराजांची समाधी इथे आहे, आणि त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही आहे. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा या कुत्र्यानं महाराजांना वाचवलं, म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, जरीची वस्त्रं घातली, दरबारात आणलं, अशी हकीकत सांगतात. दगडी चौथऱ्यावर कुत्र्याची आकृती असल्यामुळे ही एकच समाधी कोणालाही विचारल्याशिवाय ओळखता येते. शाळेची सहल आली की पोरं आधी तिथेच धावतात. शाहू महाराजांचा स्वभाव त्यातून कळतो हे खरंच. सतरा-अठरा वर्षं मोगलांच्या छावणीत काढलेल्या या राजाला माणसांइतकाच जनावरांचाही लळा होता.

आता १७४९ कडे वळू. माहुलीत घडलेली सर्वांत गंभीर घटना त्या वर्षाची आहे, आणि इथे येणाऱ्यांच्या कानांवर ती क्वचितच पडते. शाहू महाराजांना मुलगा नव्हता. धाकट्या राणी सगुणाबाई १७४८ मध्ये गेल्या होत्या. थोरल्या सकवारबाई, माहेरच्या शिर्के, महाराजांच्या आजारपणात त्यांच्याजवळ होत्या. गादीवर कोण बसणार यावर दोन पक्ष पडले होते. शाहू महाराजांच्या चुलती, राजाराम महाराजांच्या राणी ताराबाई यांनी आपला नातू म्हणून पुढे आणलेला रामराजा हा एक पर्याय होता. दुसरा पर्याय कोल्हापूरच्या संभाजीराजांचा. सकवारबाईंचा कल कोल्हापूरकडे होता आणि रामराजा खरा वारस नाही असं त्यांचं म्हणणं होतं. पंत प्रतिनिधी या छत्रपतींच्या बड्या मंत्र्याच्या गोटातून त्यांना पाठबळ होतं. पेशवे नानासाहेब फौजेनिशी साताऱ्यात मुक्काम ठोकून होते. कारभार पेशव्यांनी चालवावा आणि कोल्हापूरचा वारस घेऊ नये, अशा आशयाच्या शाहू महाराजांच्या हातच्या चिठ्ठ्या त्यांना मिळालेल्या होत्या.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज रंगमहालात वारले. पेशव्यांनी तत्काळ हालचाल केली. प्रतिनिधी आणि त्यांचे मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीनं काम पाहणारे, यमाजी शिवदेव यांना कैद करून किल्ल्यांवर रवाना करण्यात आलं. महाराजांचा देह माहुलीला आला, आणि त्यांच्याबरोबर सकवारबाई सती गेल्या.

इथपर्यंतच्या हकीकतीवर वाद नाही. सकवारबाई स्वेच्छेनं गेल्या की त्यांना जायला भाग पाडलं गेलं, हा खरा वाद आहे. ग्रँट डफनं आपल्या मराठ्यांच्या इतिहासात जे लिहिलं आहे ते असं. रामराजाला डावलण्याचा आपला बेत कोणाला कळू नये म्हणून सकवारबाई आपण महाराजांबरोबर सती जाणार असं बोलून दाखवत असत. पेशव्यांनी ते बोलणं मुद्दाम सगळीकडे पसरवलं, इतकं की त्यांनी माघार घेतली असती तर शिर्क्यांच्या कुळाला डाग लागला असता. महाराज गेल्यावर पेशव्यांनी राणीला निरोप धाडला की आपण सती जाऊ नये, आम्ही सगळे आपले चाकर आहोत. वरून विनवणीचा वाटणारा हा निरोप चारचौघांत गेल्यामुळे राणीचे परतीचे दोरच कापले गेले. शिवाय त्यांचे भाऊ कुंवरजी शिर्के यांना बोलावून घेऊन, घराण्याची अब्रू पुढे करून आणि कोकणात जहागीर देऊ करून, बहिणीचं मन वळवायला लावलं.

ही हकीकत जशीच्या तशी घेता येत नाही, याची कारणं आहेत. ग्रँट डफ १८१८ नंतर कंपनी सरकारचा माणूस म्हणून साताऱ्यात आला. पेशवाई बुडवून सातारच्या गादीवर प्रतापसिंहांना पुन्हा बसवण्यात त्याच्या सरकारचा हात होता, आणि पेशव्यांनी छत्रपतींवर अन्याय केला हे चित्र त्या धोरणाला पोषक होतं. त्याला माहिती पुरवणारी माणसं आणि बखरी सातारच्या दरबारातल्या. त्या दरबाराच्या मनात पेशव्यांविषयी दोन पिढ्यांचा सल होता. त्याचा ग्रंथ १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे घटनेनंतर सत्याहत्तर वर्षांनी. पुढे काही मराठी इतिहासकारांनी नेमक्या याच मुद्द्यांवरून पेशव्यांवरचा आरोप फेटाळला. त्यांचं म्हणणं असं की सती जाणं त्या काळी राजघराण्यात रूढ होतं, राणीनं स्वतःच ते बोलून दाखवलं होतं आणि नंतरच्यांनी त्यात डाव शोधला.

हे आक्षेप लक्षात घेऊनही काही गोष्टी शिल्लक राहतात. महाराजांच्या मृत्यूच्या वेळी शहर कोणाच्या ताब्यात होतं, हे निर्विवाद आहे. राणीचे समर्थक बेड्यांत होते. त्या जिवंत राहिल्या असत्या तर रामराजाच्या वारसाहक्काला उघड विरोध करू शकणारी सर्वांत वजनदार व्यक्ती त्याच ठरल्या असत्या. स्वतःच्या मनानं घेतलेला निर्णय म्हणायचं तर निदान दुसरा मार्ग मोकळा असावा लागतो. जहागिरीचा तपशील खरा असो वा नसो, त्या दिवशी सकवारबाईंपुढे दुसरा मार्ग होता असं म्हणणं मला तरी कठीण वाटतं. पेशव्यांना एकट्यानं दोषी धरण्याचीही घाई नको. रामराजाचा पक्ष मुळात ताराबाईंचा होता, आणि राणीच्या माहेरची माणसं तेव्हा शहरातच होती.

तेवीस वर्षांनी, १७७२ मध्ये, थेऊरला माधवराव पेशव्यांबरोबर रमाबाई सती गेल्या. त्यांचं स्मारक मुळा-मुठेच्या काठी आहे, लोक तिथे हात जोडतात, पतिनिष्ठेची गोष्ट म्हणून ती घराघरांत सांगितली गेली. सकवारबाईंच्या वाट्याला असं काही आलं नाही. भक्तीची कथा म्हणून त्यांचा मृत्यू सांगता येत नाही. आणि राजकारणाची कथा म्हणून सांगावी तर छत्रपती आणि पेशवे या जुन्या भांडणात सांगणाऱ्याला बाजू घ्यावी लागते. मग लोक गप्प राहणंच पसंत करतात. माहुलीत शाहू महाराजांची समाधी दाखवताना त्यांच्यासोबत चितेवर गेलेल्या राणीचं नाव घेतलं जात नाही, त्याचं कारण मला हेच दिसतं. नाव न घेण्यानं इतिहासातली एक बाई दुसऱ्यांदा पुसली जाते.

ताराबाईंची समाधीही याच संगमावर, कृष्णेच्या पात्रात. तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची ही लेक. १७०० ते १७०७ या काळात औरंगजेबाशी झुंज चालू ठेवणारी. पण साताऱ्याच्या संदर्भात त्यांचं शेवटचं पर्व जास्त महत्त्वाचं आहे. ज्या रामराजासाठी १७४९ मध्ये एवढा खटाटोप केला, त्यालाच त्यांनी १७५० च्या नोव्हेंबरात सातारच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी शपथेवर सांगितलं की हा आपला नातू नव्हे. म्हणजे सकवारबाई जे म्हणत होत्या तेच तीन वर्षांत ताराबाईंच्याच तोंडून बाहेर आलं! शपथ खरी की राजकारणाची, यावर एकमत नाही. पण ती घेतली गेल्यावर १७४९ च्या साऱ्या उलाढालीचा पायाच डळमळला, आणि राजा किल्ल्यावर अडकलेला असताना कारभार पुण्याकडे जायचा तो गेलाच. ताराबाई १७६१ च्या डिसेंबरात वारल्या. पानिपत झालेलं, नानासाहेबही त्याच वर्षी जूनमध्ये गेलेले. १७४९ च्या संघर्षातली ही सर्वांत दीर्घायुषी व्यक्ती, आणि तिची समाधी पावसाळ्यात पाण्याखाली असते.

येसूबाईंचा प्रश्न याहून वेगळा आहे. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर त्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये साताऱ्याला परत आल्या. त्यांचं उरलेलं आयुष्य इथेच गेलं आणि १७३० च्या आसपास त्या वारल्या. समाधी माहुलीला, एवढं सर्वसाधारणपणे सांगितलं जाई. नेमकी जागा ठरवण्याचं काम मात्र अलीकडचं. स्थानिक अभ्यासकांनी जुन्या कागदांतले उल्लेख आणि जागेवरची पाहणी यांचा मेळ घालून ते केलं. हे काम कोणत्याही सरकारी मोहिमेतून झालं नाही, हे नोंदवून ठेवायला हवं. सुट्टीच्या दिवशी झाडझाडोरा काढणारी, पात्रातला गाळ उपसणारी, मोडी वाचणाऱ्यांचे उंबरठे झिजवणारी ही माणसं आहेत.

एकोणिसाव्या शतकात माहुलीचं नाव पुन्हा राजकारणात आलं. १८१७ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या बाजीरावानं कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याची भेट घेतली ती इथेच. काही महिन्यांत पेशवाई संपली. प्रतापसिंह महाराज गादीवर आले खरे, पण १८३९ मध्ये त्यांनाच पदच्युत करून काशीला पाठवलं आणि १८४७ मध्ये ते तिकडेच वारले. त्यामुळे सातारच्या छत्रपतींपैकी सर्वांत जाणत्या राजाला माहुलीची माती मिळाली नाही. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब एप्रिल १८४८ मध्ये साताऱ्यात वारले. औरस पुत्र नाही, दत्तक नामंजूर, असं म्हणत कंपनीनं राज्य खालसा केलं. ज्या गादीच्या आधारानं या समाध्यांची निगा व्हायची, ती गादीच गेली. आजची पडझड मोजायची तर सुरुवात तिथून करावी लागते.

त्यानंतरचा काळ बहुतांशी दुर्लक्षाचा. कृष्णेवर धोमचं आणि वेण्णेवर कण्हेरचं धरण झालं, पात्राची चाल बदलली. वाळूचा उपसा हा साताऱ्यात सर्वांच्या ओळखीचा विषय आहे. पात्रातले चौथरे कधी गाळाखाली जातात, कधी उघडे पडतात, आणि दर खेपेला एखादा चिरा निखळलेला दिसतो. ताशीव चिऱ्यांच्या सांध्यात चुना उरलेला नाही. तिथे पिंपळाची मुळी शिरते, ती हाताएवढी जाड झाली की चिरा बाहेर ढकलला जातो, आणि एक गेला की शेजारचे सैल होतात. हे काम सिमेंट लिंपून होत नाही, तरी काही ठिकाणी हौसेनं तसं झालं आहे. चुन्यातच दुरुस्ती हवी. कोणत्या चौथऱ्याचं काय मोजमाप आहे, कोणता कागद कोणाचं नाव सांगतो, याची एकत्र नोंद त्याआधी व्हायला हवी. संरक्षित स्मारकाचा दर्जा, निधी, घाटांचं सुशोभीकरण याच्या घोषणा होतात. त्यांत देवळं आणि घाट पुढे असतात, पात्रातले चौथरे मागे पडतात, कारण नदी एका खात्याची, काठ दुसऱ्याचा आणि स्मारक तिसऱ्याचं.

माहुली आजही साताऱ्याची स्मशानभूमीच आहे. संगमाजवळची कैलास स्मशानभूमी एका स्थानिक ट्रस्टनं अतिशय स्वच्छ आणि नेटकी ठेवली आहे, आणि शहरातली बहुतेक माणसं शेवटी इथेच येतात. दहाव्याला आलेली मंडळी विधी उरकेपर्यंत घाटावर बसलेली असतात आणि समोरचा चौथरा कोणाचा असेल यावर बोलतात. त्यांना सांगायला तिथे एक धड फलक नाही. तो लावायचा झाला तर शाहू महाराजांच्या नावाखाली सकवारबाईंचं नाव आणि १७४९ हे साल यायला हवं, स्वेच्छेनं की बळानं हा वाद एका ओळीत का होईना नमूद करून. पात्रातल्या समाध्या पाहायला पाणी उतरल्यावर, फेब्रुवारी ते मे या दरम्यान जावं. पुलावरून खाली पाहिलं तर चौथऱ्यांची रांग ध्यानात येते, आणि गावातली जुनी माणसं विचारल्यास बरोबर येऊन दाखवतात.