कोतवाल बुकातून आलेले आकडे

जातपडताळणीसाठी पणजोबांची नोंद शोधत तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला गाव नमुना 14 म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कोतवाल बुक म्हणतात त्यालाच. जुनी पानं मोडीत, शाई फिकी, कडा कसरीने खाल्लेल्या. वही होती जन्म-मृत्यूची. आज तिच्यात माणसं जात शोधतात. एका कामासाठी लिहिलेली नोंद दुसऱ्याच कामाला जुंपली, की तिला दुय्यम माहिती म्हणायचं. आरोग्य योजनांच्या मूल्यमापनात हाच व्यवहार रोज चालतो, आणि अहवालात शेवटी 'मर्यादा' नावाचा एक परिच्छेद टाकला की भागतं. त्या मर्यादा कुठून आल्या, ते मात्र त्या परिच्छेदात सापडत नाही.

इंग्रजी अमदानीत मृत्यूचं कारण ठरवायचा तो गावकामगार पाटील, डॉक्टर नव्हे. पटकी, देवी, प्लेग अशी काही ठरलेली खाती होती. पटकी आणि देवी ओळखायला वैद्य लागत नसे. बाकीचं पुष्कळसं 'ताप' या एका खात्यात जाई. हिवताप तिथेच, विषमज्वर तिथेच, भातलावणीच्या चिखलातून आलेला आणि तेव्हा गावात नाव नसलेला लेप्टोचा तापही तिथेच. आज कुणी या आकड्यांवरून कोकणातल्या हिवतापाचा शंभर वर्षांचा आलेख काढायला बसला, तर तो खरं म्हणजे गावच्या पाटलाच्या अंदाजाचा आलेख असेल.

1969 च्या कायद्याने जन्म-मृत्यू नोंदणीला देशभर एकच चौकट आली. नियम असा, की घटना जिथे घडेल तिथे नोंद. नियम बरोबरच आहे, पण कोकणाला तो नेहमी थोडा तिरका बसतो. सावंतवाडी-दोडामार्गचा अत्यवस्थ रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेतात. तो तिथे वारला तर मृत्यू गोव्याच्या खात्यात. मुंबईत संसार असलेली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, म्हणून जन्म कोकणात, आणि दीड महिन्याच्या लसीपासून पुढे बाळ डोंबिवलीत. उलट, गिरणीत किंवा गोदीत जन्म घालवलेला चाकरमानी म्हातारपणी गावी परततो आणि गावच्या मृत्यूदरात भर घालतो. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. यात स्त्रीजन्माचं स्वागत शोधू नये. पुरुष मुंबईत मोजले गेले, एवढाच त्याचा बराचसा अर्थ.

त्याच जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या 2001 च्या 16,96,777 वरून 16,15,069 वर उतरली होती. सिंधुदुर्गातही घटच. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचा सगळा हिशेब अंदाजी लोकसंख्येवर. अपेक्षित गरोदर माता काढायची रीत साधी आहे: लोकसंख्या गुणिले जन्मदर, वर गर्भपात वगैरेंसाठी दहा टक्के. आता ज्या गावातली अर्धी घरं कुलूपबंद, तिथे हे उत्तर फुगणारच. मग नर्सबाईंनी एकही बाई सोडली नसली तरी काम कागदावर 'कमी' दिसतं. शेजारच्या उपकेंद्रात माहेरवाशिणी आल्या, की तिथे शंभरावर टक्के! दोन्ही आकडे खरे आणि दोन्ही निरुपयोगी.

हद्दीही हलल्या. 1 मे 1981 ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने जिल्हे धरले 2011 च्या जनगणनेचे, म्हणून तिच्यातल्या 'ठाण्यात' कुपोषणासाठी ओळखले जाणारे जव्हार-मोखाडाही आहेत. 2019-21 च्या पाहणीत पालघर वेगळा. हे ध्यानात न घेता ठाण्याचं 'आधी' आणि 'नंतर' शेजारी ठेवलं, तर कुपोषणाचा काही भाग नुसत्या नकाशाने बरा झालेला दिसेल.

पण माझ्या मते सर्वांत बोलकी गोष्ट कुष्ठरोगाची. दुरीकरण म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, अशी व्याख्या होती, आणि मोजायचे ते उपचारावर असलेले. 1998 च्या सुमारास बहुजिवाणू, म्हणजे अंगात जंतू जास्त असलेल्या, रुग्णाचा उपचार चोवीस महिन्यांवरून बारा महिन्यांवर आला. रुग्ण वर्षभर आधी वहीतून उतरला, प्रमाण आपोआप घटलं. 2005 च्या अखेरीस देशाने उद्दिष्ट गाठलं. घरोघरी शोध मंदावला, मग नवे रुग्ण तरी कुठून दिसणार? 2007 मध्ये पनवेल तालुक्यात पाहणी झाली तेव्हा कुठल्याच वहीत नसलेले रुग्ण सापडले. 2016 पासून सरकारने स्वतःच शोधमोहिमा पुन्हा सुरू केल्या. औषधाने काम केलं, यात वाद नाही. किती केलं, हे त्या वहीला विचारून कळत नाही.

उद्दिष्टांचा जाच तर जुनाच. कुटुंबनियोजनाचे 'कोटे' 1996 मध्ये काढून टाकावे लागले. फुगवलेल्या आकड्यांचा अनुभव त्याआधी पुरेसा आला होता. 2008 मध्ये आरोग्याची आकडेवारी भरायचं सरकारी एचएमआयएस पोर्टल आलं, कागदाची थप्पी कमी झाली. पण तिथे पोचते ती बेरीज. बाई, बाळ, वाडी मागेच राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत माणसं दिसतात, तर नमुना लहान: जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरं. जन्मदर खाली आलेल्या कोकणात त्यातून 12 ते 23 महिन्यांची, म्हणजे ज्यांच्यावरून लसीकरण मोजतात ती, बाळं मोजकीच निघतात. पंचविसापेक्षा कमी असली तर तक्त्यात आकड्याऐवजी फुली, पंचवीस ते एकोणपन्नास असली तर आकडा कंसात. जिल्ह्याच्या सादरीकरणात हाच आकडा येतो तेव्हा कंस गळालेला असतो. मी स्वतः असा एक कंस गाळला आहे; तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून.

कुडाळकडच्या एका उपकेंद्रात मागे एक लसीकरणाची वही पाहिली होती. गोवराच्या रकान्यात एका बाळापुढे जागा मोकळी. मी विचारलं, तर आशाताई म्हणाल्या, "ती मुंबयक गेली." नर्सबाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'गणपतीला येणार, तेव्हा बघणे.' त्या महिन्याच्या अहवालात ते बाळ 'राहिलेलं' म्हणून गेलं. पेन्सिलीच्या ओळीला पोर्टलवर रकाना नव्हता.