मोलोकाईवर फादर डेमियन एकटे नव्हते

बेल्जियमचे फादर डेमियन यांच्याविषयी एक समज पिढ्यानपिढ्या चालत आला आहे : हवाईतील मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरुग्णांना साऱ्या जगाने टाकले होते आणि १८७३ मध्ये ते एकटेच त्यांच्यात जाऊन राहिले. डेमियन यांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु या चित्रामुळे ज्यांच्यासोबत ते जगले, त्या हवाईयन माणसांवरच मोठा अन्याय होतो.

हवाई सरकारने १८६६ पासून रुग्णांना तेथे सक्तीने पाठवायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांचे पती, पत्नी किंवा अन्य आप्त स्वतः निरोगी असूनही त्यांच्या सेवेसाठी सोबत गेले; या सोबत्यांना ‘कोकुआ’ म्हणत. त्याच वर्षी प्रोटेस्टंट रुग्णांनी आपली उपासक मंडळी (चर्च-समुदाय) स्थापन केली, तर सेंट फिलोमिना हे कॅथलिक चर्च १८७२ मध्ये, म्हणजे डेमियन पोहोचण्यापूर्वीच, उभे राहिले होते. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे हवाईयन पुढारी जोनाथन नापेला हेही रुग्ण पत्नीसोबत १८७३ मध्येच तेथे आले, आणि पंथ वेगळा असूनही डेमियन यांच्याशी त्यांची घट्ट मैत्री जुळली.

डेमियन यांनी जखमा बांधल्या, घरे उभारली, शवपेट्या तयार केल्या आणि रुग्णांच्या पंगतीत बसून त्यांच्याच भांड्यातले अन्न घेतले. पुढे त्यांनाही हा आजार जडला व १८८९ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर १८८६ मध्ये अमेरिकी सेवाव्रती जोसेफ डटन तेथे दाखल झाले होते आणि १८८८ मध्ये कॅथलिक जोगीण मदर मेरियन कोप आल्या होत्या; मदर मेरियन १९१८ मधील आपल्या मृत्यूपर्यंत तेथेच राहिल्या.