पार्श्वभूमी : शिकागोच्या जागतिक संगीत महोत्सवामागची शंभर वर्षं

१९९९ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या फुटपाथांवर तीनशेहून जास्त गाई उभ्या होत्या. फायबरग्लासच्या, अंगभर चित्रं रंगवलेल्या. आदल्या वर्षी झुरिचमध्ये झालेला हा प्रकार शिकागोच्या एका पादत्राणांच्या व्यापाऱ्याने पाहिला आणि महापालिकेच्या सांस्कृतिक आयुक्त लोइस वाइसबर्ग यांनी तो आपल्या शहरात करून दाखवला. त्या वर्षी गाजल्या त्या गाईच. उन्हाळा सरल्यावर त्यांचा लिलाव झाला आणि त्या घरोघरी गेल्या. त्याच सप्टेंबरात वाइसबर्ग यांच्याच विभागाने आणखी एक उपक्रम सुरू केला होता, 'वर्ल्ड म्युझिक फेस्टिव्हल शिकागो'. तो मात्र टिकला.

महोत्सव म्हटलं की आपल्याला मांडव, एक व्यासपीठ आणि भारतीय बैठकीचं वेगळं तिकीट आठवतं. इथे तसं एक मैदान नाही. दहाएक दिवस कार्यक्रम शहरभर विखुरलेले असतात. दुपारी मध्यवस्तीतल्या सांस्कृतिक केंद्रात, संध्याकाळी एखाद्या बागेत किंवा वस्तीतल्या सभागृहात, रात्री एखाद्या बारमध्ये. सुरुवातीच्या वर्षांत क्लबांतल्या कार्यक्रमांना तिकीट असे, पुढे सगळंच विनामूल्य झालं. आयोजक कुणी कंपनी किंवा हौशी मंडळ नाही, खुद्द महापालिका. आपल्याकडच्या कुठल्याही महापालिकेच्या अर्थसंकल्पात असं कलम शोधून पाहावं.

हे सगळं १९९९ मध्ये कुणाला अचानक सुचलं असं नाही. देशोदेशींचं संगीत शिकागोत त्याच्या शंभर वर्षं आधीच येऊन पोहोचलं होतं. पण तेव्हा ते आलं होतं ते प्रदर्शनातली वस्तू म्हणून.

१८९३ चं शिकागोचं विश्वप्रदर्शन मराठी वाचकाला माहीत असतं ते सर्वधर्म परिषदेमुळे. ११ सप्टेंबरला विवेकानंदांनी भाषण केलं ते त्या परिषदेत. मुंबईहून ब्राह्मसमाजाच्या वतीने बी. बी. नगरकरही तिथे बोलले होते, पण त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही. परिषद ज्या इमारतीत भरली ते आजचं 'आर्ट इन्स्टिट्यूट'. मिशिगन अव्हेन्यूवरून तिथून चालत काही मिनिटांवर आजचं सांस्कृतिक केंद्र लागतं, म्हणजे या महोत्सवाचं मुख्य घर.

मूळ प्रदर्शन मात्र शहराच्या दक्षिणेला, सरोवराच्या काठी होतं आणि त्याचे सरळसरळ दोन भाग होते. एक पांढऱ्याशुभ्र इमारतींचं दिमाखदार नगर. तिथल्या संगीताची जबाबदारी थिओडोर थॉमस या नामांकित वाद्यवृंद-संचालकाकडे होती. लोकांच्या अभिरुचीला वळण लावायचं म्हणून त्याने युरोपीय अभिजात संगीताच्या मैफली लावल्या. दुसरा भाग म्हणजे 'मिडवे', लांबलचक जत्रेची पट्टी. तिथे कैरोची गल्ली होती, जावाचं खेडं होतं, समोआचे नाचणारे होते, भलंमोठं फिरतं चक्र होतं. लोक थॉमसच्या मैफली रिकाम्या ठेवून मिडवेवर गर्दी करत. ऑगस्टमध्ये थॉमसने राजीनामा दिला.

मिडवेची व्यवस्था सॉल ब्लूम नावाच्या विशीतल्या तरुणाकडे होती. सिनेमात गारुडी किंवा 'पूर्वेकडची' नर्तकी दिसली की जी ठरावीक धून वाजते, ती आपण पियानोवर सहज बसवली असं त्याने आत्मचरित्रात सांगितलं आहे. खरं-खोटं काही असो, पूर्वेचं संगीत म्हणून अमेरिकेच्या डोक्यात पुढची कित्येक दशकं जे बसलं ते कैरोहून आलेलं नव्हतं, हे मात्र खरं.

पण त्याच गर्दीत आणखी एक माणूस फिरत होता. बेंजामिन आइव्ज गिलमन. त्याच्याकडे फोनोग्राफ होता आणि त्याने जावा, समोआ, तुर्कस्तान इथल्या वादकांचं आणि कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या क्वाक्युट्ल लोकांचं गाणं मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतलं. अशी १०१ नळकांडी झाली. जावाचं खेडं चहाच्या मळ्यांच्या डच मालकांनी उभं केलं होतं, आपला माल खपावा म्हणून. त्यांनी सोबत आणलेला गामेलान, म्हणजे काशाच्या घंटा आणि पट्ट्यांचा अख्खा वाद्यमेळ, परत गेलाच नाही. तो शिकागोच्या 'फील्ड म्युझियम'मध्ये राहिला आणि १९७० च्या दशकात दुरुस्त होऊन पुन्हा वाजू लागला. वाजवणारे या वेळी शिकागोचेच होते. हा गामेलान मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो. चहाची जाहिरात म्हणून आलेलं वाद्य पाऊणशे वर्षं संग्रहालयात गप्प पडून राहिलं आणि मग शहराने ते वाजवायला शिकून घेतलं.

मधल्या काळात शहर वाढत होतं ते माणसं येऊन. पोलिश आले, आयरिश आले, लिथुआनियन, ग्रीक, मेक्सिकन आले. अमेरिकेच्या दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय आले. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीहून शिकागोला पोहोचला आणि इथल्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून गिटारला वीज जोडून मोकळा झाला. शिकागो ब्लूज ते हेच. आयरिश संगीताची गोष्ट तर याहून मजेशीर. १९०१ ते १९०५ या काळात शिकागोचे पोलिसप्रमुख होते फ्रान्सिस ओनील, मूळचे आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातले. चोर पकडण्याइतकीच त्यांना धुना पकडण्याची आवड. १९०३ मध्ये त्यांनी १८५० आयरिश धुनांचा संग्रह छापला. खुद्द आयर्लंडमध्ये विस्मरणात चाललेलं कितीतरी संगीत शिकागोच्या पोलिसप्रमुखामुळे वाचलं आणि तिथले वादक आजही त्या संग्रहाला प्रमाण मानतात.

भारतीय इथे खऱ्या अर्थाने आले ते १९६५ नंतर. त्या वर्षीच्या कायद्याने देशवार कोटा उठला आणि डॉक्टर, इंजिनियर यांना दार उघडलं. डेव्हॉन अव्हेन्यूवर साड्यांची आणि मसाल्यांची दुकानं लागली, महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं, गणपती बसू लागले. गाण्याच्या बैठका व्हायच्या त्या कुणाच्या तरी दिवाणखान्यात किंवा विद्यापीठाच्या सभागृहात, तबल्याच्या साथीला शेजारच्या राज्यातून गाडी हाकत आलेला कुणीतरी. पोलिश पोल्का पोलिश हॉलमध्ये, मेक्सिकन संगीत पिल्सन या त्यांच्या वस्तीत, आपलं आपल्या घरात. शहरात सगळं होतं, पण एकाचं दुसऱ्याच्या कानावर जात नव्हतं.

महापालिकेचे संगीत महोत्सव तोवर सुरू झाले होते, पण एकेका प्रकाराचे. जॅझ १९७९, ब्लूज १९८४, गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं १९८५. सरोवराकाठच्या ग्रँट पार्कमध्ये मोठा रंगमंच आणि हजारोंची गर्दी, असा त्यांचा साचा.

इकडे अटलांटिकपलीकडे 'वर्ल्ड म्युझिक' नावाचा बाजार तयार होत होता. पीटर गॅब्रिएल आणि मित्रांनी १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या शेप्टन मॅलेट इथे 'वोमॅड' हा पहिला मोठा महोत्सव भरवला. कलेच्या दृष्टीने उत्तम, पैशाच्या दृष्टीने बुडीत. कर्ज फेडायला गॅब्रिएलला 'जेनेसिस' या आपल्या जुन्या बँडबरोबर पुन्हा एकदा मंचावर उभं राहावं लागलं. १९८७ च्या जूनमध्ये लंडनच्या एका पबमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली. त्यांची अडचण अगदी दुकानदारी होती. झिम्बाब्वेची किंवा बल्गेरियाची रेकॉर्ड दुकानात कुठल्या खणात ठेवायची हेच विक्रेत्याला कळत नव्हतं. त्यांनी वर्गणी काढली आणि 'वर्ल्ड म्युझिक' अशी पाटी खणाला लावून घेतली. खप वाढला, आणि नाराजीही. ऑक्टोबर १९९९ मध्ये, म्हणजे शिकागोचा पहिला महोत्सव होतो न होतो तोच, 'टॉकिंग हेड्स' या रॉक बँडचा गायक डेव्हिड बर्न याने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या नावावर सडकून टीका केली. पाश्चात्त्य नसलेलं सगळं एका पोत्यात भरून परकं ठरवायचं, हा त्याचा आक्षेप होता. ग्रॅमी पुरस्कारांनीही २०२० मध्ये ते नाव टाकून दिलं. शिकागोने ठेवलं आहे.

नावावरची टीका मला पटते. पण शिकागोच्या महोत्सवाला ती फारशी चिकटत नाही, कारण त्याची रचनाच निराळी होती. लोइस वाइसबर्ग १९८९ पासून सांस्कृतिक आयुक्त होत्या. शहरातल्या कुणाचीही कुणाशीही गाठ घालून देणारी बाई अशी त्यांची ख्याती. १९९७ मध्ये त्यांच्या विभागाने ग्रँट पार्कमध्ये 'समरडान्स' सुरू केलं होतं. आधी तासभर नाच शिकवायचा, मग जिवंत वाद्यमेळावर लोकांनी नाचायचं. साल्सा, पोल्का, जे असेल ते. त्यात कळलं की फुकट आणि उघड्यावर ठेवलं तर लोक दुसऱ्याच्या संगीतावरही पाय हलवतात. विभागातला तरुण कार्यक्रम-अधिकारी मायकल ऑर्लोव्ह याने पुढच्या महोत्सवाची घडी बसवली.

घडी म्हणजे नेमकं काय, तर हिशेब. मालीहून सात जणांचा वाद्यमेळ एका रात्रीसाठी शिकागोला आणणं कुठल्याच क्लबला परवडत नाही. विमानाची तिकिटं, व्हिसाचा खर्च, हॉटेल आणि वर बिदागी. पण महापालिकेने प्रवासाचा आणि मानधनाचा भार उचलला, तोच वाद्यमेळ दुपारी सांस्कृतिक केंद्रात, रात्री क्लबमध्ये आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या वस्तीत वाजला, तर गणित जुळतं. शिवाय इंडियानातल्या ब्लूमिंग्टनमध्ये १९९४ पासून 'लोटस' महोत्सव सप्टेंबरातच होत होता आणि विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला २००४ मध्ये असाच महोत्सव सुरू झाला. गावं गाडीने जाण्याच्या अंतरावर. एकाच फेरीत कलाकार तिन्हीकडे जाऊ शकतो. शहराच्या सांस्कृतिक विभागाचा पैसा बराचसा हॉटेलांवरच्या करातून येतो, म्हणजे परगावच्या पाहुण्याच्या खोलीभाड्यातला काही भाग परदेशी पाहुण्याच्या गाण्यावर खर्च होतो. हॉटेलं ओस पडली की हाच आधार डळमळतो, ते कोविडमध्ये दिसलं.

दुसरी अडचण व्हिसाची. ११ सप्टेंबर २००१ नंतर छाननी कडक झाली, आणि सप्टेंबरातला महोत्सव म्हणजे कागदपत्रं उन्हाळ्यातच अडकणार. अशा कलाकारांसाठी अमेरिकेत पी-३ नावाचा व्हिसा असतो. त्यात कला 'सांस्कृतिकदृष्ट्या वैशिष्ट्यपूर्ण' असल्याचं सिद्ध करावं लागतं. अर्जेंटिनातला एक वाद्यमेळ पूर्व युरोपातल्या ज्यूंचं क्लेझमर संगीत लॅटिन ढंगाने वाजवत असे. लॉस एंजेलिसच्या स्कर्बॉल केंद्राने त्यांना बोलावलं, तर अधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला. भेसळ आहे, एका संस्कृतीचं नाही, असं त्यांचं म्हणणं. अपिलात २०१२ मध्ये निर्णय उलटला आणि मिश्र परंपराही वैशिष्ट्यपूर्ण असू शकते हे मान्य झालं. संगीत कसं जन्मतं हे कुठल्याही वादकाला विचारलं असतं तर एवढा वेळ वाचला असता.

२०११ मध्ये वाइसबर्ग यांचा विभाग उत्सव-विभागात विलीन झाला आणि त्या मतभेदातून पायउतार झाल्या. ऑर्लोव्हही पुढे वॉशिंग्टनला केंद्र सरकारच्या कला-निधीत गेला. महोत्सव बंद पडेल अशी वेळ होती. तो पडला नाही, उलट २०१३ मध्ये त्यात आपल्या दृष्टीने सगळ्यात मोलाची भर पडली. 'रागमाला'. संध्याकाळी सहाला सुरू होऊन सकाळी आठला संपणारी हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीताची सलग मैफल, सांस्कृतिक केंद्रातल्या प्रेस्टन ब्रॅडली हॉलमध्ये. ही १८९७ ची इमारत, मूळची सार्वजनिक वाचनालयाची. छताला टिफनीच्या काचेचा ३८ फूट व्यासाचा घुमट आहे. एकदा ती पाडायचं घाटत होतं, पण टळलं.

परदेशात आपलं संगीत साधारण संध्याकाळी सात ते दहा या खिडकीत बसवलं जातं. तोडी, ललित, भटियार यांना तिथे वेळच सापडत नाही. गायकाने आठ वाजता 'आता मी सकाळचा राग गातो' म्हणायचं आणि श्रोत्यांनी ते चालवून घ्यायचं. रागमालेत मालकंसाला त्याची रात्र मिळते आणि ललितला त्याची पहाट, तीही ज्याने आधी कधी तंबोरा ऐकलेला नाही अशा माणसाच्या शेजारी बसून. पुण्यात १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल यांनंतर रात्री दहाची रेघ आली, ठरावीक दिवशी फार तर बारा. झोपमोड होणाऱ्या शेजाऱ्याची बाजूही खरी आहे, त्यावर वाद नाही. पण त्याच नियमात बंदिस्त सभागृहांना सूट आहे, आणि शिकागोची रात्रही बंदिस्त सभागृहातच होते. पुण्या-मुंबईत नाट्यगृहांची संख्या कमी नाही. रात्री दहानंतर त्यांतली बहुतेक कुलूपबंद असतात.