घोड्याची देहबोली

घोडे कान, डोळे, मान, शेपूट, पाय आणि आवाज यांतून एकमेकांशी व माणसाशी जे बोलतात, ती त्यांची देहबोली. खिंकाळी दूरवर ऐकू जाते, म्हणून तीच घोड्याची भाषा वाटते. प्रत्यक्षात कळपातला बहुतेक व्यवहार मुकाट चालतो.

सर्वांत बोलके कान. ते स्वतंत्रपणे फिरतात; कान जिकडे, लक्ष तिकडे. टवकारलेले कान कुतूहल किंवा सावधपणा दाखवतात, तर मानेला चिकटवून पाडलेले कान धमकी देतात. नुसते मागे वळलेले कान मात्र वेगळे. पाठीवर स्वार असताना एक कान मागे आला, तर घोडा बहुधा स्वाराचेच ऐकत असतो. नवखे इथेच फसतात आणि गुणी जनावराला रागीट ठरवतात. शेपटीचा फटकारा माशीसाठीही असतो आणि चिडूनही, म्हणून एखादी खूण सुटी वाचू नये. ताठरून मागे वळलेले कान, ताणलेल्या नाकपुड्या आणि आवळलेले तोंड एकत्र दिसले, तर हट्टीपणाचा शिक्का मारण्याआधी दुखणे शोधावे.

आवाजांत घोडीचा शिंगरासाठीचा, तोंड मिटून काढलेला घोगरा हुंकार फार हळवा असतो. चारा घेऊन येणाऱ्या ओळखीच्या माणसालाही तो ऐकायला मिळतो.

घोडा माणसाला किती बारकाईने वाचतो, हे बर्लिनच्या ‘चतुर हान्स’ने दाखवले. हा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो, अशी ख्याती होती. 1907 मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी उलगडा केला: खुराचे ठोके बरोबर उत्तरापर्यंत पोचताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलायचे आणि हान्स थांबायचा. याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे आहे; माणसांना स्वतःला न जाणवलेली हालचाल त्याने टिपली होती.

घोड्याला कपाळासमोर अगदी जवळचे आणि थेट शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत जवळ जावे. घोडे एकमेकांना मानेच्या बुडाशी दातांनी खाजवतात. तिथे हाताने खाजवल्यास हृदयाचे ठोके मंदावतात, असे आढळले आहे. खरारा करताना वरचा ओठ लांबून थरथरू लागला, तर जागा बरोबर सापडली. अंग आक्रसले किंवा घोडा बाजूला सरकला, तर हात तिथेच थांबवावा. दुगाणी येईपर्यंत वाट पाहू नये.