ट्रॅक्टरचा क्लच न सुटणे

पेडल तळापर्यंत दाबूनही इंजिनाची गती गिअरबॉक्सकडे जायची थांबत नाही, तेव्हा क्लच सुटत नाही असे म्हणतात. पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकताना खरखर होते, कधी गिअर पडतच नाही. पडलाच तर पेडल दाबलेले असूनही ट्रॅक्टर पुढे सरकतो. क्लच घसरणे हा याच्या नेमका उलट बिघाड आहे. त्यात इंजिन गुरगुरते पण नांगर ओढला जात नाही. पेडलचा मोकळा खेळ, म्हणजे फ्री प्ले, कमी पडला की क्लच घसरतो आणि जास्त झाला की सुटत नाही. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर चांगली प्लेटही जळते, म्हणून पेडलच्या रॉडला पाना लावण्याआधी तक्रार यांपैकी कोणती हे ठरवावे.

कोरड्या क्लचमध्ये फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट स्प्रिंगांच्या जोराने आवळलेली असते. पेडल दाबले की रॉड, क्रॉस शाफ्ट आणि फोर्क यांच्यामार्फत रिलीज बेअरिंग पुढे सरकते, फिंगर (प्रेशर प्लेटवरच्या छोट्या दांड्या) दाबते आणि प्रेशर प्लेट मागे ओढली जाते. हे मागे सरकणे साधारण दीड-दोन मिलिमीटरच असते. त्यामुळे पेडलची पिन, रॉडचा फोर्क आणि क्रॉस शाफ्टचे बुश यांतली थोडीथोडी झीज एकत्र झाली तरी क्लच अर्धवट सुटू लागतो. बिघाडाचे मूळ पुष्कळदा या बाहेरच्या जोडणीतच असते. ती न तपासता ट्रॅक्टर मधून खोलायला (इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायला) घेणे म्हणजे मजुरी वाया घालवणे.

आधी खात्री

इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनावर गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनावर खरखरतात, तर दोष क्लचकडे आहे. बंद इंजिनावरही अडतात, तर गिअर लिव्हर आणि शिफ्टर रॉड बघावेत. दुसरी चाचणी मंद गतीवर घ्यावी. पेडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबावे आणि मग गिअर टाकावा. थांबल्यावर गिअर गुपचूप पडत असेल तर गिअरबॉक्सचा शाफ्ट केवळ आधीच्या वेगाने गरगरत राहतो आहे. कितीही थांबले तरी खरखरत असेल तर प्लेट इंजिनासोबत ओढली जाते आहे.

एक चकवा लक्षात ठेवावा. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरला स्लॅशर किंवा पाचट कुट्टी यंत्रासारखे जड फिरते अवजार जोडले असेल, तर क्लच दाबल्यावर त्या रोटरचा वेग पीटीओ शाफ्टमधून (अवजाराला गती देणाऱ्या मागच्या शाफ्टमधून) उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि ट्रॅक्टर ढकलला जातो. यात क्लचचा दोष नसतो. पीटीओ न्यूट्रल करून पाहिले की उलगडा होतो. उपाय म्हणजे पीटीओ शाफ्टवर एकाच दिशेने जोर देणारे ओव्हररनिंग कपलिंग बसवणे.

हळूहळू बिघडलेला क्लच

हाताने पेडल दाबून जोर लागेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. बहुतेक यांत्रिक क्लचमध्ये ते 20 ते 30 मिमीच्या आसपास ठेवतात; नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतला धरावा. अंतर जास्त असेल तर लॉक नट सैल करून रॉडची लांबी बदलावी, पुन्हा मोजावे आणि नट घट्ट करावा. रॉड लांब करायचा की आखूड, हे जोडणी ओढणारी आहे की ढकलणारी यावर ठरते, म्हणून अर्धा-अर्धा फेरा देऊन पाहणे बरे. खेळ शून्यावर कधीच आणू नये. मग बेअरिंग सतत फिंगरवर घासते आणि काही दिवसांतच प्लेट घसरू लागते.

खेळ बरोबर असूनही सुटत नसेल तर एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने, इंजिन बंद असताना, क्रॉस शाफ्टचा बाहेरचा लिव्हर पाहावा. पेडल हलते पण लिव्हर उशिरा हलतो, तर पिना आणि बुश बदलावेत. लिव्हर पुरेसा फिरतो पण आत काही होत नाही, तर फोर्क शाफ्टवर सैल झाला आहे किंवा त्याला शाफ्टवर धरून ठेवणारी चावी (की) तुटली आहे. पेडलखाली साचून वाळलेला चिखल किंवा गुंडाळी झालेले रबरी मॅट यांमुळेही पेडल तळाला जात नाही. हास्यास्पद वाटले तरी आधी तेच बघावे.

उभ्या ट्रॅक्टरचा क्लच

काल चालणारा क्लच नव्हे, तर पावसाळाभर उभा राहिलेल्या ट्रॅक्टरचा क्लच सुटत नसेल, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते. कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे भाताच्या चिखलणीनंतर हे विशेष दिसते, कारण बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) पाणी शिरलेले असते. हाउसिंगच्या तळाशी स्प्लिट पिन घातलेले एक छोटे भोक असते. ते चिखलाने बुजले की आलेले पाणी आतच राहते. पिन हलवून भोक मोकळे करावे. त्यातून काय ठिबकते तेही पाहावे. काळे पातळ तेल क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलकडून येते, तर उग्र गंधकासारख्या वासाचे घट्ट तेल गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलकडून. तेलाने चिकट झालेली प्लेट ओढतेही आणि घसरतेही. सील बदलल्याशिवाय नवी प्लेट टाकण्यात अर्थ नाही.

चिकटलेली प्लेट सोडवताना इंजिन न्यूट्रलमध्ये चालवून चांगले गरम करावे, बंद करावे, पेडल दाबून लाकडी पाचरीने अडकवावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. पुष्कळदा सकाळी प्लेट मोकळी मिळते. नाही मिळाली तर मोकळ्या, सपाट शेतात ट्रॉली व अवजार काढून, दोन्ही ब्रेक पेडल जोडून, मधल्या गिअरमध्ये क्लच दाबूनच स्टार्टर मारावा. ट्रॅक्टर लगेच चालू लागतो. क्लच दाबलेलाच ठेवून थ्रॉटल झटक्याने वाढवावा-कमी करावा आणि मधूनमधून ब्रेक लावावा. प्लेट तडकन सुटते. समोर माणूस, झाड, विहीर नको, आणि इंजिन बंद करायला खेचायचा नॉब हाताशी हवा. स्टार्टर सीटवर बसूनच मारायचा. खाली उभे राहून पान्याने स्टार्टर शॉर्ट केला तर गिअरमधला ट्रॅक्टर अंगावर येतो. हाउसिंगमध्ये गंज काढायचे तेल फवारू नये, ते लायनिंगमध्ये (प्लेटच्या घासणाऱ्या अस्तरात) मुरते.

नवी प्लेट टाकल्यावर

दुरुस्तीनंतर लगेच आलेली तक्रार बहुधा जोडणीतल्या चुकीची असते. प्लेट उलटी बसली की तिचा हब फ्लायव्हीलच्या बोल्टांवर टेकतो. डमी शाफ्ट (प्लेट मध्यावर धरणारा तात्पुरता शाफ्ट) न वापरता जोडताना गिअरबॉक्सचे वजन प्लेटवर लोंबकळले की ती वाकते. सगळे फिंगर एका उंचीत नसले की प्रेशर प्लेट तिरकी उचलली जाते आणि एका बाजूने घासते. उंचीतला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवा. खाच असलेल्या फ्लायव्हीलचे फक्त घासणारे तोंड लेथवर उतरवले आणि क्लचचे कव्हर बसायची बाजू तितकीच उतरवली नाही, तर फिंगरची उंची बदलते. शाफ्टच्या स्प्लाइनवर (दात्यांवर) ग्रीसचा पुसट हात पुरतो. जास्त ग्रीस उडून लायनिंगवर जाते. रिलीज बेअरिंग सीलबंद असते, ते डिझेलमध्ये धुतले की कामातून गेले.

कितीही थांबले तरी गिअर खरखरणे आणि पेडल दाबल्यावर किणकिण आवाज ही लक्षणे एकत्र असतील, तर फ्लायव्हीलमधले, शाफ्टच्या टोकाला आधार देणारे पायलट बेअरिंग जाम होऊन शाफ्टला फिरवत असण्याची शक्यता धरावी. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना क्लचवर पाय टेकवून चालवण्याची सवय असेल तर उष्णतेने वाकलेली प्लेट आणि तडे गेलेली प्रेशर प्लेट सापडते. यांसाठी मात्र ट्रॅक्टर मधून खोलावाच लागतो.

इतर प्रकार

डबल क्लचमध्ये पेडलच्या पहिल्या टप्प्यात चाकांची आणि दुसऱ्या टप्प्यात पीटीओची प्लेट सुटते. गिअर नीट पडतो पण पीटीओ खरखरतो, तर दुसऱ्या टप्प्याचे बोल्ट हाउसिंगची झडप उघडून जुळवावे लागतात. हायड्रॉलिक क्लचचे पेडल स्पंजासारखे लागत असेल आणि दोन-तीनदा पंप केल्यावर काम करत असेल, तर नळीत हवा आहे. टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच तेल घालून हवा काढावी. ब्रेक फ्लुइड आणि खनिज तेल यांची अदलाबदल केली तर रबरी सील फुगतात.

ट्रॅक्टर काही आठवडे उभा ठेवायचा असेल तर न्यूट्रल करून, पार्किंग ब्रेक लावून पेडल दाबलेले अडकवून ठेवावे. काही कंपन्या त्यासाठी पेडलजवळ अडकवायचा आकडा देतात, नाहीतर लाकडी ठोकळा पुरतो.