पर्वतीय स्वायत्त सोव्हिएत समाजवादी प्रजासत्ताक

उत्तर कॉकेशसमधील अल्पायुषी प्रशासकीय घटक (१९२१–१९२४). राजधानी व्लादिकावकाझ. रशियन नाव ‘गोर्स्काया’. त्यातील ‘गोरा’ म्हणजे डोंगर. हा शब्द आपल्या ‘गिरी’चा दूरचा भाऊबंद. १९१८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर करणारे आणि पुढच्याच वर्षी बोल्शेविकविरोधी सेनापती देनिकिनच्या फौजांपुढे कोसळलेले पर्वतीय प्रजासत्ताक वेगळे. नामसाम्यामुळे दोहोंची गल्लत होते.

१७ नोव्हेंबर १९२० रोजी व्लादिकावकाझ येथे तेरेक प्रांतातील लोकांच्या परिषदेत स्टालिनने या स्वायत्ततेची घोषणा केली. शरियत हवी असेल तर ती राहू द्या, असे त्याने तिथे सांगितले, आणि शरियत न्यायालये काही काळ चाललीही. २० जानेवारी १९२१ च्या हुकुमाने प्रजासत्ताक रीतसर अस्तित्वात आले. चेचेन, इंगुश, ओसेत, काबर्दी, बाल्कर, कराचाय असे भाषेने निरनिराळे लोक त्यात एकत्र आले. शिवाय सुंझा नदीकाठचे कझाक (कॉसॅक, म्हणजे सीमेवर वसवलेले रशियन लढवय्ये; कझाकस्तानचे कझाक नव्हेत) होतेच.

या सर्वांना जोडणारा धागा डोंगर, पण भांडण मात्र सपाटीवरच्या जमिनीचे. डोंगरउतारावर शेतीला जागा थोडी, गुरे हिवाळ्यात खाली उतरवावी लागत. १९२० मध्ये सुंझाकाठची काही कझाक गावे उठवून तेथील जमिनी चेचेन व इंगुश कुटुंबांना देण्यात आल्या. तेवढ्याने भूक भागली नाही. काबर्दाकडे जमीन तुलनेने मुबलक होती. ती शेजाऱ्यांत वाटली जाईल, ही तिथली धास्ती. म्हणून सप्टेंबर १९२१ मध्ये, वर्ष भरायच्या आत, काबर्दा सर्वांत आधी बाहेर पडला. जानेवारी १९२२ मध्ये कराचाय शेजारच्या चेर्केस लोकांसोबत आणि बाल्कर काबर्दासोबत नव्या स्वायत्त प्रदेशांत गेले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला चेचेन प्रदेश वेगळा झाला. उरले ओसेत, इंगुश आणि कझाक. ‘पर्वतीय’ हे नाव तेव्हा केवळ पाटीपुरते राहिले होते.

७ जुलै १९२४ रोजी प्रजासत्ताक विसर्जित होऊन उत्तर ओसेतिया व इंगुशेतिया हे स्वायत्त प्रदेश झाले. व्लादिकावकाझ कोणाचे, हे मात्र ठरले नाही. शहर स्वतंत्र ठेवून दोन्ही प्रदेशांची कार्यालये तिथेच थाटण्यात आली. तेरेक नदीच्या दोन काठांवर दोन सरकारे, असा तो संसार. १९३३ मध्ये शहर ओसेतियाला मिळाले, तर पुढच्या वर्षी इंगुशेतिया चेचेन प्रदेशात विलीन झाला. १९४४ मध्ये इंगुश लोकांना मध्य आशियात हद्दपार केल्यावर शहरालगतचा प्रिगोरोद्नी जिल्हाही ओसेतियाकडे गेला. त्याच जिल्ह्यावरून १९९२ मध्ये ओसेत आणि इंगुश यांच्यात रक्तपात झाला.