हाताआधी नजर पोचते

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलं की कुणीतरी म्हणतंच, "खेळणाऱ्या पोरांचं डोकं वेगळं चालतं." म्हणणं खरं आहे. फक्त हा वेगळेपणा कुठून येतो, ते नीट पाहायला हवं.

खेळाडू जन्मतःच चपळ प्रतिक्रियेचा असतो, असा आपला समज. पीटर मॅक्लाउड या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय फलंदाजांसाठी एक खास खेळपट्टी तयार केली. टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळेल, याचा तिच्यावर अंदाजच बांधता येत नव्हता. चेंडू वळलेला पाहून बॅट हलवायला या कसलेल्या फलंदाजांनाही सुमारे २०० मिलिसेकंद लागले. प्रयोगशाळेत सामान्य माणसाला लागतात तेवढेच! ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू तर अर्ध्या सेकंदाच्या आत येऊन पोचतो. मग वेळ पुरतो कसा?

त्याचं उत्तर २००० साली मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून शोधलं. फलंदाज चेंडूवर सतत नजर ठेवतच नाही. चेंडू सुटताना तो पाहतो आणि टप्पा पडणार त्या जागी नजर आधीच नेऊन ठेवतो. सरस फलंदाजाची नजर लवकर निघते. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की असा अंदाज घोटून घोटून तयार होतो. १९४८ साली सुरू झालेल्या कांगा लीगने मुंबईच्या फलंदाजांना पावसाळी, ओल्या खेळपट्ट्यांवर हेच शिकवलं. चढाईला गेलेला कबड्डीपटूही कोपरारक्षकाचा पाय वाचतो, तो असाच.

स्वभावाचं कोडं मात्र जास्त अवघड आहे. अमेरिकेतल्या विल्यम मॉर्गन यांना अव्वल खेळाडूंमध्ये ताण, उदासी, राग, थकवा, गोंधळ सरासरीहून कमी आणि उत्साह बराच जास्त आढळला. आलेखात उत्साहाचं टोक पाण्याबाहेर आलेल्या हिमनगासारखं दिसे. पण खेळाने मन असं घडलं, की असं मन असलेलेच खेळात टिकले? आमच्या शाळेच्या कबड्डी संघातली निम्मी पोरं आठवीनंतर क्लासला गेली, मुलींचा खो-खो संघ दहावीआधीच मोडला. अव्वल खेळाडूंची मनं मोजताना ही मुलं मोजणीत येतच नाहीत.

म्हणून अमेरिकेतला २०११ चा एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. बैठं आयुष्य जगणारी १२० वयस्क माणसं घेतली आणि त्यांचे जणू चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. एक गट आठवड्यातून तीन दिवस भरभर चालला, दुसऱ्याने नुसते ताणाचे व्यायाम केले. वर्षानंतर चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा स्मरणाशी निगडित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता, दुसऱ्या गटात तो आक्रसला होता. आणि इथे कुणाचाही स्वभाव पाहून निवड झालेली नव्हती.